मिसेस चॅनचे हरवलेले डॉक्टर

आपण काही शोधत नाही आहोत असं दाखवणं निमकरकाकांना कधी म्हणजे कधी जमलं नाही. आणि त्यांचा सगळा छंद तर त्या एकाच गोष्टीवर उभा होता.

छंद असा. जगभरात काही माणसं लहान लहान डब्या लपवून ठेवतात. कुणी बाकाखाली, कुणी पाटीच्या मागे, कुणी झाडाच्या ढोलीत. मग त्या जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकतात. दुसरी काही माणसं हातात सॅटेलाइटचं यंत्र घेऊन त्या डब्या हुडकत फिरतात. डबीत कागदाची सुरळी असते, तिच्यावर आपण घेतलेलं टोपणनाव लिहायचं. डबी जरा मोठी असेल तर आतली एखादी वस्तू घ्यायची आणि तेवढ्याच मोलाची दुसरी ठेवायची. मग डबी होती तिथं परत. याला जिओकॅशिंग म्हणतात. मालतीकाकूंची, म्हणजे काकांच्या बायकोची, व्याख्या जास्त सोपी होती. "लपंडाव आहे गं. फक्त लपणारा केव्हाच घरी जाऊन जेवलाय."

या खेळाचा मोठा नियम म्हणजे रस्त्यावरच्या बघ्यांना संशय येता कामा नये. त्यासाठी काकांकडे तीन युक्त्या होत्या. पहिली, वाकून बुटाची नाडी बांधणे. काकांच्या बुटांना नाड्या नव्हत्या, चिकटपट्ट्या होत्या. दुसरी, मोबाइलवर बोलणे. तो बऱ्याचदा उलटा धरलेला असायचा आणि संभाषण असं चालायचं : "हो का? अरे वा! हो का? अरे वा!" तिसरी, शीळ घालणे. साठी उलटलेला, सहा फूट उंच, डोक्यावर नारिंगी लोकरी टोपी घातलेला माणूस भर बाजारात शीळ घालत एकाच कचराकुंडीभोवती फेऱ्या मारतोय म्हटल्यावर कुत्रीसुद्धा थांबून बघायची.

काका भुलीचे डॉक्टर. कॉव्हेंट्रीच्या हॉस्पिटलात हयात घालवून रिटायर झालेले. आवाज असा, की मऊ दुलई अंगावर ओढल्यासारखं वाटावं. महाराष्ट्र मंडळाच्या मीटिंगमध्ये ते बोलायला उभे राहिले की पहिल्या रांगेतली माणसं जांभया द्यायला लागायची. काकांना त्याचा राग येत नसे, उलट अभिमान वाटे. म्हणायचे, "माझा एकही पेशंट मला ओळखत नाही. सर्जनला बागेतले टोमॅटो आणून देतात. मला रस्त्यात विचारतात, एक्स्क्यूज मी, बसस्टॉप कुठाय?"

थिएटरमध्ये, म्हणजे ऑपरेशनच्या, ते पेशंटच्या उशाशी बसून पेपरातलं शब्दकोडं सोडवायचे म्हणे. मी एकदा न राहवून विचारलं, "काका, माणूस फाडून ठेवलेला असताना कोडं?"

"सर्जनलाही तेच वाटायचं, की याचं लक्ष नाही. माझं लक्ष नव्हतंच, कोड्यात! रिटायर होईपर्यंत एक कोडं पुरं झालं नाही माझं." मग म्हणाले, "झोपवायला काय, कुणीही झोपवेल. पेशंट जागा होईपर्यंत खुर्चीवरून उठायचं नाही, हे काम."

मी त्यांच्यापासून दोन घरं सोडून राहायचे. आमचे हे त्याच हॉस्पिटलात नर्स म्हणून लागले होते, त्यांच्या मागोमाग मी आले. माझं गाव कोयनेच्या खोऱ्यात. गावात शाळा सातवीपर्यंत. आठवीला एसटीनं पाटणला जावं लागायचं. बरोबरीची दुसरी मुलगी नव्हती. एकटी पोर कशी पाठवायची, म्हणून माझी शाळा तिथंच थांबली. तेव्हापासून 'एकटी' हा शब्द ऐकला तरी मी दाराची कडी लावून घ्यायचे. आणि अशी मी येऊन पडले कुठं, तर इंग्लंडात. गल्लीच्या टोकाला पंजाबी भाभीजींचं दुकान होतं, तिथवर जायचे नि यायचे. तिथंही दूध, ब्रेड उचलून मुकाट्यानं काउंटरवर ठेवायचे.

एक दिवस हे म्हणाले, "शालन, रोज घरी येतो तर तू खिडकीत. तुला नाहीच करमत तर मार्चनंतर तू गावी जाऊन राहा. मी येत जाईन वर्षातून एकदा." रागावून म्हणाले असते तर भांडता तरी आलं असतं. ते अगदी मायेनं म्हणाले, त्यामुळे मला घाम फुटला. मला परत जायचं नव्हतं. आणि इथं राहायचं तर दाराबाहेर पाऊल पडत नव्हतं.

हे मी मेथी निवडता निवडता मालतीकाकूंना सांगितलं. काकू "हं" म्हणाल्या नि मेथी निवडत राहिल्या. पुढच्या शनिवारी सकाळी दारात निमकरकाका. गळ्यात दोरीनं ते सॅटेलाइटचं पिवळं यंत्र लटकावलेलं.

"शालनबाई, चला. काकूचे गुडघे धरलेत आणि तिला बर्मिंगहॅमच्या चायनाटाऊनमधलाच कोहळा पाहिजे. मला भाजीतलं कळत नाही. मागच्या वेळी कोहळा म्हणून कलिंगड आणलं."

नंतर मला कळलं, की कोहळा आमच्या फोल्सहिल रोडवर चालत जाऊन मिळत होता. पण फोल्सहिल रोडवरच्या सगळ्या डब्या काकांच्या हुडकून झाल्या होत्या.

स्टेशनवर काकांनी खिशातून नारिंगी टोपी काढली. काकूंनी उरलेल्या लोकरीची विणलेली, काकांनी तोवर कधी न घातलेली. म्हणाले, "आता नीट ऐक. मी पुढे, तू मागे. ही टोपी दिसतेय तोवर तू हरवलेली नाहीस." त्या दिवसापासून ती टोपी त्यांच्या डोक्यावर चढली ती चढलीच. लपूनछपून करायच्या छंदाचं त्या टोपीनं पार वाटोळं केलं, हे मला तेव्हा कळायला पाहिजे होतं. पण तेव्हा माझं सगळं ध्यान टोपीकडे.

न्यू स्ट्रीट स्टेशनात सरकता जिना आला. मी कठड्याला धरून उभी. मागची माणसं "सॉरी, सॉरी" करत बाजूनं निघालेली.

"दहापासून उलटे आकडे म्हण," काका आपल्या त्या दुलईच्या आवाजात म्हणाले. "माझे पेशंट सातच्या पुढं कधी गेले नाहीत."

"काका, मी झोपले म्हणजे?"

"झोपलीस तर आपोआप वर पोचशील. सरकता आहे."

दहा, नऊ, आठ. मी चारवर होते तेव्हा वर होते.

चायनाटाऊनच्या तोंडाशी मोठा चौक आहे, मध्ये दगडी पॅगोडा. त्याच्या आसपास कुठेतरी डबी. पण उंच इमारतींमध्ये सॅटेलाइटचा सिग्नल उड्या मारतो, बाण एकदा इकडे दाखवतो, एकदा तिकडे. काका बाण दाखवील तिकडे निघायचे. चौकातल्या गाड्या थांबून त्यांना वाट देत होत्या. कुणीतरी हॉर्न वाजवला तर काकांनी त्याला हात केला, ओळखीचा असल्यासारखा. मला त्या गाड्यांमध्ये पाऊल टाकवेना, म्हणून मी एका बाकावर मटकन बसले. पडू नये म्हणून बाकाची कड खालून घट्ट धरली. बोटांना काहीतरी लागलं. काड्यापेटीएवढी, लोहचुंबकानं चिकटवलेली डबी.

"काका, हे काय आहे?"

काका धावत आले. आनंद झाला हे खरं, पण तोंडावर जरा खट्टूपणाही होता. "हातानं चाचपून काढलीस? यंत्राशिवाय? तसं नियमात बसतं म्हणा."

आत एक बटण होतं, कुणीतरी ठेवलेलं. माझ्याकडे बदल्यात द्यायला काही नव्हतं. बांगडीला सेफ्टी पिना अडकवलेल्या होत्या, त्यातली एक काढून दिली. काकांनी बटण एका तळहातावर, पीन दुसऱ्या तळहातावर घेऊन वजन केल्यासारखं केलं आणि म्हणाले, "आपला तोटा झाला. चालेल." मग सुरळीवर नाव लिहायची पाळी आली. काकांचं टोपणनाव होतं 'भुलोबा'. मला सही करायची म्हटलं की धडकी भरायची. व्हिसाचं काही होईल का? काका म्हणाले, "अगं, खोटंच नाव लिहायचं असतं. समोर काय दिसतंय?" समोरच्या दुकानात चवळीच्या हातभर लांब शेंगा जुड्या बांधून ठेवल्या होत्या. मी 'चवळी' झाले.

त्या दुकानाची मालकीण मिसेस चॅन. बुटकी, ॲप्रन बांधलेली, आजीच्या वयाची. दारात कारली, दोडके, आल्याचे गड्डे, केळीची पानं. इंग्लंडात माझ्या ओळखीचं मला पहिल्यांदा कुणी भेटलं असेल तर तो दोडका. मी उचलून हातातच धरून ठेवला. मिसेस चॅननं तो माझ्या हातातून काढून घेतला, तिरस्कारानं परत टोपल्यात टाकला आणि मागून दुसरा, कोवळा काढून दिला. तिला इंग्रजी बेताचं, मला त्याहून बेताचं. त्यामुळे आमचं छान जमलं.

त्यानंतर आमच्या चायनाटाऊनच्या फेऱ्या होतच राहिल्या, आणि काकांबद्दल मात्र तिचं मत पक्कं झालेलं होतं. हा उंच माणूस दर वेळी तिच्या दुकानापुढं उभा राहून हातातल्या यंत्राकडे बघतो, चार पावलं पुढं जातो, मागं येतो, वर आभाळाकडे बघतो. म्हणजे बिचारा हरवलाय. ती बाहेर यायची, काकांची बाही धरायची, त्यांना रस्त्याच्या कडेला न्यायची आणि हात लांब करून सांगायची, "डॉक्टर! यू लॉस्ट! स्टेशन, दॅट वे!" आणि काका दर वेळी पहिल्यांदाच कळल्यासारखी मान हलवून "थँक यू, मिसेस चॅन, थँक यू" म्हणायचे.

"काका, तुम्ही तिला सांगत का नाही?"

"तिला वाटतं, एका म्हाताऱ्याला वाटेला लावलं. तिचा दिवस चांगला जातो. उगीच कशाला जागं करायचं?"

खरेदी झाली की वरच्या मजल्यावरच्या एका हॉटेलात जेवण. काका पक्के शाकाहारी, काकू पक्क्या मासेखाऊ. काकूंसाठी ते सुक्या कोलंबीचं पाकीट घ्यायचे, पण दोन बोटांत धरून, लॅबमध्ये तपासायला न्यायचं असल्यासारखं. हॉटेलात ऑर्डर देणं म्हणजे ऑपरेशनच्या आधीची तपासणी. "यात ऑयस्टर सॉस? नाही ना? फिश सॉस? चिकनचा स्टॉक? आधी कधी घातला होता?" एकदा वेटर सगळं ऐकून घेऊन शांतपणे म्हणाला, "सर, दॅट इज द टी." एवढं करून मागवायचं तेच, टोफू आणि वांगं. माझ्यासाठी मात्र बदक मागवायचे. रस्त्यावर बदकं टांगलेल्या खिडक्या आल्या की काका तोंड फिरवून भराभर चालायचे. पण टेबलावर माझं बदक आलं की म्हणायचे, "तू खा सावकाश. मी खिडकीबाहेर बघतो." आणि माझं खाऊन होईपर्यंत रस्त्यावरचं समालोचन करायचे. "लाल बस गेली. एक बाई छत्री विसरली. आली परत, घेतली."

घरी आलो की काकू विचारायच्या, "सापडली का डबी?" सापडली म्हटलं की पुढचा प्रश्न, "मग आता त्या चोवीस सॅटेलाइटांना विचारा, सकाळपासून घरात चष्मा कुठं आहे तुमचा?" चष्मा कधी फ्रिजमध्ये, कधी बुटात. तो सापडेपर्यंत काका काकूंचा जांभळ्या फ्रेमचा वाचायचा चष्मा लावून वावरायचे आणि दाराच्या चौकटीला धडकायचे.

मार्च आला नि गेला. ह्यांनी विषय काढला नाही. सप्टेंबरात मंडळाचा गणपती आला आणि काकूंनी मला न विचारता जाहीर केलं, "यंदाचे उकडीचे मोदक शालन करणार." मी रात्रभर तळमळले. मंडळात सगळे डॉक्टर, इंजिनियर, त्यांच्या बायका शिकलेल्या. त्यांच्यापुढं माझे मोदक!

मोदकांना पीठ बारीक लागतं आणि चिनी दुकानातलं तांदळाचं पीठ गंधासारखं बारीक असतं. काकूंनी काकांना बजावलं होतं, लाल अक्षरांची पिशवी आणा. हिरव्या अक्षरांची आणू नका, ते चिकट तांदळाचं. मी बाहेर नारळ वाजवून बघत होते, काका आत पिठाच्या रांगेत. तेवढ्यात यंत्रावर त्यांना दिसलं, की पलीकडच्याच बोळात एक डबी राहून गेली आहे. काका शीळ घालत गेले, विजयी मुद्रेनं परत आले आणि त्या विजयाच्या भरात समोरची पिशवी उचलून पैसे देऊन मोकळे झाले. मीही बघितलं नाही. पिशवी घरी कपाटात गेली ती थेट हॉलच्या स्वयंपाकघरात उघडली.

उकड काढली तर ती डिंकासारखी ताणायला लागली. मला वाटलं पाणी जास्त झालं. कळ्या पाडल्या तर त्या माना टाकून बसल्या. उकडून झाकण उघडलं तेव्हा आत मोदक नव्हते, एकच मोठा मोदक होता, त्याला पुष्कळ नाकं होती. बाहेर आरती संपत आली होती. मी पदर तोंडाला लावून रडायला लागले.

काका काहीतरी घ्यायला आत आले. भांड्यात बघितलं, पिशवी उलटी करून बघितली. हिरवी अक्षरं. ते तसेच बाहेर हॉलमध्ये गेले आणि सगळ्यांपुढं उभे राहिले.

"मंडळी, प्रसादापूर्वी एक वैद्यकीय सूचना. ज्यांचे दात खोटे असतील त्यांनी ते आत्ताच काढून रुमालात ठेवावेत. शालनचा हात उत्तम आहे. पीठ मी आणलंय. चुकीचं आणलंय. दगावलात तर माझ्याकडे या, निदान झोप चांगली लागेल."

हॉल खो खो हसला. मोदक सुरीनं कापून वाटले. चव चांगली होती, फक्त तोंड उघडत नव्हतं. मंडळाच्या इतिहासात त्या वर्षी पहिल्यांदा अध्यक्षांचं भाषण झालं नाही. त्यांचे जबडेच सुटले नाहीत. जाताना चार बायका मला सांगून गेल्या, "पुढच्या वर्षी पण तूच कर हं. पीठ मात्र आम्ही आणू."

पोलिसांचा प्रसंग त्याच हिवाळ्यातला. लंडनमधल्या स्फोटांनंतरचे दिवस ते. बेवारस पिशवी दिसली की रस्ते बंद होत. सावळ्या माणसानं भर रस्त्यात गुडघ्यावर बसून टेलिफोनच्या खोक्याखाली हात घालणं हे शहाणपणाचं नव्हतं, पण काकांना ते सांगणार कोण? डबी त्याच फोन बूथमध्ये आहे याबद्दल यंत्राची खात्री होती. काका आत गुडघ्यावर, मी बाहेर दोन पिशव्या धरून उभी. दोन कॉन्स्टेबल आले. माझ्या डोळ्यांपुढं व्हिसा, विमान, गाव, सगळं एकदम फिरलं.

काकांनी आत बसूनच, त्या झोपेच्या आवाजात सॅटेलाइट म्हणजे काय इथपासून सुरुवात केली. थोरला कॉन्स्टेबल ऐकत होता. धाकटा माझ्याकडे वळला. "आर यू विथ दिस जेंटलमन?"

दहा, नऊ, आठ. सातवर माझं तोंड उघडलं. इंग्रजीत मला पाठ असलेलं एकच पुरं वाक्य होतं, मिसेस चॅनचं. तेच जरा फिरवलं. "ही इज डॉक्टर," मी म्हणाले. "ऑलवेज लॉस्ट."

कॉन्स्टेबलनं काकांकडे बघितलं. नारिंगी टोपी, गळ्यात पिवळं यंत्र, गुडघ्याला चिखल. त्याला ते पटलं. हसत हसत तो खाली वाकला, फळीखाली हात घातला आणि डबी काढून काकांच्या हातावर ठेवली. काका अर्ध्या तासापासून ती हुडकत होते. परतीच्या ट्रेनमध्ये त्यांचा चेहरा उतरलेला. "त्यांना ट्रेनिंग असतं," एवढंच म्हणाले. कॉव्हेंट्री आल्यावर मात्र जिन्याशी थांबून म्हणाले, "शालनबाई, युनिफॉर्मवाल्याशी इंग्रजी बोललात आज." मला तोवर ते लक्षातच आलं नव्हतं.

पुढच्या वसंतात कळलं, की निमकर घर विकून बेसिंगस्टोकला निघालेत. मुलगा तिथं कॉम्प्युटरमध्ये, काकूंच्या गुडघ्यांना जिना झेपेना, तिकडे तळमजल्यावर फ्लॅट बघितला होता. मी "बरं झालं" म्हणाले आणि घरी येऊन बसून राहिले. ह्यांनी गावी जायचा विषय परत काढला नव्हता, पण आता काढतील हे दिसत होतं. मी घराबाहेर पडत होते खरी, पण ती टोपीच्या मागे. काका डबी हुडकायचे, मी काकांची पाठ धरून चालायचे. आता पाठच चालली.

निघायच्या आदल्या आठवड्यात काकांनी बोलावलं. घरभर खोकी. काकांच्या डोळ्यांवर जांभळा चष्मा, म्हणजे स्वतःचा हरवलेला.

"मी एक डबी लपवलीय," ते म्हणाले. "आयुष्यातली पहिली. चायनाटाऊनमध्ये. अजून इंटरनेटवर टाकली नाही. पहिलं नाव तुझं पाहिजे. शनिवारी जा."

"आपण जाऊ ना काका."

"मला खोकी भरायचीत. एकटी जायचंस."

तोच शब्द. "परीक्षा आहे का ही?"

"छे. परीक्षेत नापास होता येतं. नाही सापडली तर कोबी घेऊन परत ये. डबी कुठं पळून जात नाही." त्यांनी ते पिवळं यंत्र माझ्या गळ्यात घातलं, दोरी आखूड करून दिली. "हवं तर काकूला विचार, मी दिवसभर घरी आहे की नाही."

काकूंनी वर न बघता वर्तमानपत्रात कप गुंडाळला. "हो, हो. खोकीच भरणार आहेत."

शनिवारी मी गेले. ट्रेनमध्ये खिडकीशी बसून यंत्र दोन्ही हातांत धरून ठेवलं. न्यू स्ट्रीटला माणसांचा लोंढा, आणि पुढं टोपी नाही. मी कडेला उभी राहिले. परत जावं, असं दोनदा वाटलं. गाडी समोरच उभी होती. मग उलटे आकडे म्हणत जिन्यावर पाय ठेवला. वर आले, रस्त्याला लागले. बाणानं इकडे तिकडे उड्या मारल्या, पण वाट माझ्या पायांना ठाऊक होती. पॅगोडा, हॉटेल, बदकांच्या खिडक्या. बाण जिथं थांबला ते मिसेस चॅनच्या दुकानाचं दार.

मी वाकले नाही, शीळ घातली नाही. चवळीच्या शेंगा निवडत उभी राहिले, भाजी घ्यायला आलेली बाई उभी राहते तशी. निवडता निवडता एक हात मांडणीच्या खाली नेला. पत्र्याचा डबा होता. मिसेस चॅन दारातून बघत होती. डबा ठेवायची परवानगी तिनंच दिलेली असणार, कारण तिचं हसू आवरत नव्हतं.

"यू लॉस्ट?" तिनं मुद्दाम विचारलं.

"नो," मी म्हणाले. "नॉट लॉस्ट."

डबा उघडला. कोरी सुरळी, पेन्सिल आणि काकांचा चष्मा. लपवताना वाकले असतील, डोळ्यांवरून काढून ठेवला असेल, आणि डबा बंद! आठवडाभर घर उलथंपालथं चाललं होतं आणि चष्मा बर्मिंगहॅमात, भाजीखाली. मला एवढं हसू आलं, की डोळ्यांत पाणी आलं. चष्मा पर्समध्ये टाकला, बदल्यात सेफ्टी पीन ठेवली, चवळी म्हणून नाव लिहिलं, डबा जागेवर सरकवला आणि मान वर केली.

समोरच्या फुटपाथवर, लाल बदकं टांगलेल्या खिडकीला नाक लावून, निमकरकाका मेन्यू वाचत होते. जांभळा चष्मा डोळ्यांवर. टोपी कोटाच्या खिशात कोंबलेली, अर्धी बाहेर लोंबत होती. एका हातात मोबाइल, अर्थात उलटा. ओठ हलत होते, काय म्हणत असतील ते मला इथून ऐकू येत होतं.

मिसेस चॅननंही त्यांना बघितलं. "आय्या!" म्हणून ॲप्रनला हात पुसत ती तरातरा रस्ता ओलांडून गेली आणि त्यांची बाही धरली. "डॉक्टर! यू लॉस्ट! स्टेशन, दॅट वे!" काका तिच्या हाताच्या दिशेनं बघत अगदी गंभीरपणे मान हलवत होते.

पुढच्या आठवड्यात खोकी निघाली, व्हॅन आली, काकूंनी आणि मी रडून घेतलं. चष्मा मी काकूंना दिला. "कुठं सापडला?" काकूंनी विचारलं. "वाटेत," मी म्हणाले, आणि काका खोक्याला दोरी बांधण्यात फार गुंतले. गावी जायचा विषय ह्यांनी परत काढला नाही. मी अजून इथंच आहे, आणि मंडळाचे मोदकही माझ्याकडेच आहेत. पण काका म्हटलं की मला त्यांचा निरोप आठवत नाही. तो रस्ता आठवतो.

त्या शनिवारी मी हाक मारली नाही. काही दिसलंच नाही असं दाखवणं मला काकांपेक्षा बरं जमायचं. शेंगांची जुडी पिशवीत टाकली आणि स्टेशनकडे वळले. मग लक्षात आलं, वाचायच्या चष्म्यातून त्यांना लांबचं दिसणार नाही. मी पर्समधली लाल छत्री काढली. पाऊस नव्हता. तरी ती उघडून उंच धरली आणि चालायला लागले, सावकाश, हिरव्या सिग्नललासुद्धा थांबत थांबत.